तक्रार पत्र : कोणतीही खूण नसलेल्या सेकंड पेलेटबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लॉट क्रमांक, वजन व हेड साइज (डोक्याचा व्यास) न नोंदवता पाठवलेल्या ४.५ मिमी सेकंड पेलेटबाबत, म्हणजे दोषामुळे कारखान्याने बाजूला काढलेल्या एअर रायफलच्या शिशाच्या छर्‍यांबाबत.

महोदय,

सोलापुरातील होटगी रस्त्यावर शाळकरी मुलामुलींसाठी १० मीटर एअर रायफलचा सराव वर्ग मी चालवतो. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून वर्गात मुलांची संख्या वाढली आहे. त्यांची रायफल वेगळी आणि आमची वेगळी, हे पालकांना दर वेळी समजावून सांगावे लागते, तो भाग निराळा. स्पर्धेत ६० नेम असतात आणि सरावात त्याहून कितीतरी अधिक लागतात. त्यामुळे नवशिक्यांसाठी आपल्या संकेतस्थळावरून ‘मॅच पेलेट, कारखान्यातील सेकंड’ या नावाने विकला जाणारा माल मी मागवला. ‘वजन व आकार एकाच लॉटचे, दोष केवळ बाह्य डागांचा’ असे तेथे स्पष्ट लिहिलेले होते.

आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर नगांच्या संख्येखेरीज एकही अक्षर नव्हते. उत्पादक कोण, लॉट कोणता, हेड साइज किती आणि माल कोणत्या कारणाने बाजूला काढला, यांपैकी काहीही कळण्याचा मार्ग नसल्याने ओळख पटवण्याचे काम आम्हालाच करावे लागले.

प्रथम नुसत्या डोळ्यांना दिसले ते असे, की एकाच पिशवीतील काही पेलेटच्या मागच्या घेरावर, म्हणजे स्कर्टवर, बारीक रेघा आहेत आणि काहींचा स्कर्ट पूर्ण गुळगुळीत आहे, तसेच आतील पोकळीची खोलीही सारखी नाही. एकाच साच्यातून निघालेल्या मालात असा फरक पडत नाही. त्यानंतर सराफ वापरतात तशा मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ते तोलले असता वजनाचे दोन स्वतंत्र गट पडले : एक ०.५२ ते ०.५३ ग्रॅमचा, जो रायफलसाठी योग्य आहे, आणि दुसरा ०.४५ ते ०.४७ ग्रॅमचा, जो सामान्यतः पिस्तुलासाठी वापरला जातो. दोन्ही गटांमध्ये रिकामी जागा आहे, मधल्या वजनाचे पेलेट सापडत नाहीत. म्हणजे हा एका लॉटमधील स्वाभाविक चढउतार नसून निरनिराळा माल एकत्र ओतलेला आहे, हे उघड आहे. हेड साइज आम्ही मायक्रोमीटरने मोजली नाही, कारण मऊ शिसे त्याच्या जबड्यात दबते आणि प्रश्न मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा असतो. त्याऐवजी ठरावीक व्यासाच्या भोकांची पट्टी वापरली, तेव्हा केवळ जड गटातच ४.४९ पासून ४.५२ मिमीपर्यंतची सर्व मापे मिळाली.

याचा परिणाम काय होतो, हे आपल्या तांत्रिक विभागाला ठाऊक असणारच, तरीही लिहितो. एअर रायफलच्या टार्गेटवरील दहाचा ठिपका अवघ्या ०.५ मिमी व्यासाचा असतो आणि दशांश गुणपद्धतीत एका दशांशाचे अंतर पाव मिलिमीटर भरते. हलका पेलेट त्याच रायफलमधून अधिक वेगाने सुटतो, म्हणून १० मीटरवर जड पेलेटच्या तुलनेत सुमारे दीड ते दोन मिलिमीटर वर लागतो. व्हाइसमध्ये घट्ट बसवलेल्या रायफलमधून दोन्ही गट वेगवेगळे झाडले, तेव्हा कागदावर एकाच्या वर एक अशी दोन छिद्रसमूहांची जागा स्पष्ट दिसली. शिकाऊ मुलाच्या हाती हा मिश्र माल दिला तर तो आपला श्वास, आपला खांदा आणि आपला ट्रिगर तपासत बसतो, आणि नसलेली चूक सुधारण्याच्या नादात असलेली बरी सवयही बिघडवून घेतो. पैशांपेक्षा मला हे नुकसान मोठे वाटते.

आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर ‘सेकंड मालावर तक्रार चालत नाही’ असे उत्तर दिले. महोदय, सोलापूरकरांना सेकंड मालाची ओळख आपण करून द्यावी अशी वेळ अजून आलेली नाही. येथे चाटी गल्लीत सेकंड चादर विकणारा दुकानदार घडी उलगडून सुटलेला धागा बोटाने दाखवतो आणि मगच भाव सांगतो. दोष असलेला माल कमी किमतीत घेण्यास माझी हरकत नव्हती व नाही. हरकत आहे ती दोष लपवून, शिवाय तो भलताच सांगून माल विकण्याला.

आणखी एक बाब गंभीर आहे. एका पिशवीतील पेलेटवर पांढरी भुकटी साचलेली आढळली, जी शिसे हवेत गंजल्याने धरते. शिसे लहान मुलांच्या शरीरास विशेष घातक असल्याने आमच्याकडे सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणालाही जेवणाचा डबा उघडू दिला जात नाही, मात्र आपल्या पिशवीवर त्याबाबत साधी सूचनाही नव्हती. ती पिशवी आम्ही बंद करून बाजूला ठेवली आहे.

वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आवेष्टनावर उत्पादक किंवा आवेष्टकाचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे आवश्यक असते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. तेव्हा या मुदतीत सर्व पिशव्या स्वखर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम परत करावी, किंवा लॉट, वजन, हेड साइज व नाकारण्याचे कारण लिहिलेला एकाच लॉटचा माल बदलून द्यावा. संकेतस्थळावरील ‘एकाच लॉटचे’ हे शब्द मात्र तोपर्यंत न थांबता आजच काढावेत, कारण इतर वर्गही तेच वाचून मागणी नोंदवत असतील. मुदतीत निवारण न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सोलापूर येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी दाद मागेन.

खरेदीची पावती, संकेतस्थळावरील वर्णनाची छापील प्रत, वजनांचा तक्ता, टार्गेटचे कागद आणि दोन्ही प्रकारच्या पेलेटचे नमुने सोबत जोडले आहेत.

आपला,
प्रशिक्षक, एअर रायफल सराव वर्ग,
होटगी रस्ता, सोलापूर