आठांविरुद्ध एक

प्रिय बापू,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तब्येत ठीक, साखर आटोक्यात. सिरिल वेक्ट गेले, १३ मे २०२४ ला, वयाच्या ९३ व्या वर्षी, तेव्हाच तुला लिहायचं होतं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कॉरोनरचं, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं, सुतक आपल्या दोघांखेरीज इथे कोण पाळणार!

तू म्हणशील, "तो केनेडीवाला ना?" तोच. पण आधी त्यांची खुर्ची बघ. पिट्सबर्गच्या ॲलेगेनी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, कॉरोनर मतदानानं निवडून यायचा. पेन्सिल्व्हेनियात बऱ्याच काउंट्यांत अजून तसंच आहे, आणि तो डॉक्टर असलाच पाहिजे असंही नाही. वेक्ट डॉक्टर होते, शिवाय वकील. १९७० ते १९८० आणि पुन्हा १९९६ ते २००६ अशा दोन खेपा. मृतदेह टेबलावर घेणारा माणूसच भर कोर्टात, सगळ्यांसमोर चौकशी चालवायचा. पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंचीसुद्धा. मला त्यांचं मोठेपण तिथे दिसतं.

आता केनेडी. २२ नोव्हेंबर १९६३ ला राष्ट्राध्यक्षांचा खून डॅलसमध्ये झाला, म्हणजे टेक्सासच्या कायद्यानं शवविच्छेदन डॅलस काउंटीतच व्हायला हवं होतं. तिथले मेडिकल एक्झामिनर, म्हणजे मृत्यूचा तपास करणारे सरकारी डॉक्टर, अर्ल रोझ दारात उभे राहून तेच सांगत होते. त्यांना बाजूला सारून देह वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात नेला. तिथल्या दोन्ही पॅथॉलॉजिस्टांचा, म्हणजे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा, हात गोळीच्या जखमांवर बसलेला नव्हता. तिसरा लष्करातून मागाहून बोलावला. गळ्यावरच्या जखमेतूनच डॅलसच्या डॉक्टरांनी श्वासनळीला छेद दिला होता, त्यामुळे ती जखम बेथेस्डावाल्यांना ओळखूच आली नाही. आणि पाठीतल्या जखमेचा मार्ग शेवटपर्यंत उघडून पाहिला नाही. तो एक मार्ग उघडला असता तर पुढचा निम्मा वाद उरलाच नसता.

मेंदूचं तर विचारू नकोस. ताजा मेंदू लोण्यासारखा. सुरी लावली की आकार जातो. म्हणून मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसिलर धमनीखालून दोरा घालून तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (अवयव घट्ट करून टिकवणाऱ्या द्रवात) उलटा टांगायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर चपटा होतो. दोन आठवडे थांबायचं आणि मग साधारण एकेक सेंटीमीटरचे काप. केनेडींच्या ६ डिसेंबरच्या पुरवणी अहवालात वजन १५०० ग्रॅम लिहिलंय, पण असे काप घेतलेच नाहीत. कारण काय दिलं? नमुना जपायचा म्हणून. ऑगस्ट १९७२ मध्ये सरकारबाहेरचा पहिला फॉरेन्सिक पॅथॉलॉजिस्ट म्हणून वेक्ट राष्ट्रीय अभिलेखागारात गेले, तर जपलेला मेंदूच तिथे नाही! स्लाइडसुद्धा नाहीत. ही गोष्ट जगाला त्यांनी सांगितली.

१९७८ साली अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीपुढे नऊ पॅथॉलॉजिस्ट बसले. एकच गोळी केनेडींच्या पाठीतून गळ्याबाहेर आली, मग त्याच गाडीत पुढे बसलेल्या टेक्सासच्या गव्हर्नर कॉनलींची बरगडी आणि मनगट मोडून गेली, हे आठांनी मान्य केलं. वेक्ट एकटे नाही म्हणाले. ती गोळी वजनानं १५८.६ ग्रेनची, नवी असताना साधारण १६० ते १६१. दोन हाडं मोडून एवढीच झीज? आठांचं म्हणणं, गोळी तोवर मंदावली होती, गोते खात होती. तू कायम आठांच्या बाजूनं भांडलास, आणि कदाचित गोळीबाबत तुझंच बरोबर असेल. पण एकानं कारणांसकट लेखी नाही म्हटलं म्हणूनच आठांना आपली कारणं मांडावी लागली, हे तू कधी कबूल केलं नाहीस. आता तरी कर.

त्यांच्यावर खटलाही झाला. २००६ मध्ये ८४ आरोप, सरकारी माणसं आणि साधनं खासगी कामाला लावल्याचे. २००८ मध्ये ज्युरीचं एकमत झालं नाही, २००९ मध्ये उरलेले आरोप मागे घेतले. तरी माणूस टेबलापाशी टिकून राहिला.

मला खरी चिंता आपल्याकडची आहे. १८७१ च्या कायद्यानं मुंबईतही कॉरोनर होता, १९९९ मध्ये तो मोडला. आता पंचनामा पोलिसांचा, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ चं नव्या संहितेत १९४ झालं. विषाचा संशय असला की आपण शवविच्छेदन करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणापुढे लिहितो, "मत राखून ठेवले, व्हिसेरा जतन." व्हिसेरा म्हणजे तपासणीला पाठवायचे अवयवांचे तुकडे. एका बरणीत जठर आणि लहान आतड्याचा ३० सेंमी तुकडा, दुसरीत ५०० ग्रॅम लिव्हर आणि दोन्ही किडन्यांचा अर्धा अर्धा भाग. दोन्हींत मिठाचं संपृक्त द्रावण, वर एक तृतीयांश जागा रिकामी, नाहीतर वायूनं झाकण उडतं. कोऱ्या मिठाच्या द्रावणाचा नमुना वेगळा. तरी कुणीतरी घाईत फॉर्मॅलिन ओततोच, मांस घट्ट होतं आणि विष काढणं अवघड होऊन बसतं. एवढं सगळं नीट केलं आणि प्रयोगशाळेचा अहवाल आला, तरी अंतिम मत लिहायला कागद पुन्हा डॉक्टरकडे येतच नाही. डॉक्टरची बदली झालेली असते. घरचे विचारतात, मेला कशानं, आणि ते त्यांना भरल्या खोलीत सांगणारं कुणी नाही. हे मला सोडवत नाही रे.

धाकटीच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींना नमस्कार, आईंचा गुडघा कसा आहे ते कळव. आणि तुझ्याकडे राखून ठेवलेल्या मतांची वेगळी वही आहे ना, तारीख आणि व्हिसेरा क्रमांकाच्या रकान्यांची? तिच्या एका पानाचा फोटो पाठव. इथे सोमवारपासून तशीच सुरू करतो.

तुझा,
दादा