ते तीन-चार आठवडे पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिप्रेशन मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झाल्यामुळे होतं याला ठोस पुरावा नाही, अशी बातमी मध्यंतरी तुमच्याकडे आली होती. माझी धाकटी बहीण तेव्हा डिप्रेशनच्या गोळ्या सुरू करून अकराव्या दिवशी होती. घेतली की नाही हा घोळ नको म्हणून ती स्ट्रिपच्या मागे चंदेरी कागदावर बॉलपेनने तारखा लिहून ठेवायची. आठवड्याभराने सहज स्ट्रिप हातात घेतली तर बातमीच्या दिवसापासूनच्या सगळ्या गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणाली, ताई, जे कमीच नाहीये त्याचं औषध कशाला खाऊ?

मला तेव्हा काही बोलताच आलं नाही, म्हणून मग वाचायला बसले.

बातमीत चूक नव्हती. २०२२ मधे लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना माँक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासून तेच म्हटलंय. पण गोळीने फरक पडतो का हा प्रश्न त्यात नव्हताच, आणि डिप्रेशनची पहिली औषधं काही सेरोटोनिनच्या थिअरीतून निघालेली नाहीत, थिअरी नंतर आली. १९५२ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमधे टीबीच्या पेशंटना इप्रोनियाझिड नावाचं औषध देत होते तर मरगळून पडलेली माणसं चक्क उठून हसायला-बोलायला लागली, तिथून हे सगळं सुरू झालं.

मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच. गोळी घेतल्यावर मेंदूत सेरोटोनिन काही तासांतच वाढायला लागतं पण माणसाला नीट बरं वाटायला तीन-चार आठवडे जातात, मग मधे काय चालू असतं? शास्त्रज्ञ नेमकं हेच शोधतायत. एक अंदाज असा की मेंदूतल्या पेशींमधली जोडणी हळूहळू नव्याने होत असते, आणि त्याला बीडीएनएफ नावाचं प्रोटीन लागतं. २००३ मधे उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागावर क्ष-किरण सोडून तिथे नवीन पेशी बनणं थांबवलं तर त्या उंदरांवर औषधाचा परिणामच दिसेना. उंदीर म्हणजे माणूस नाही हे मान्य, पण हे वाचून मला पहिल्यांदा पटलं की अकराव्या दिवशी काही वाटत नाही म्हणजे आत काही होतच नाही असं नसतं.

नवीन औषधांची धडपड पण हा वेळ कमी करायचीच आहे. केटामिन मुळात भुलीचं औषध, ते ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते जिथे जाऊन चिकटतं त्या जागेवर, काम करतं आणि काहींना काही तासांतच हलकं वाटतं, पण एका डोसचा असर काही दिवसांत ओसरतो. त्यातूनच आलेला एस्केटामिनचा नाकात मारायचा स्प्रे अमेरिकेत २०१९ मधे मंजूर झाला, तोही डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचा आणि नंतर दोन तास तिथेच थांबायचं. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी २०२३ मधे झुरानोलोन आलं, १४ दिवसांचा कोर्स, त्याचा रस्ता तर सेरोटोनिनचा नाहीच, गाबा नावाच्या मेंदूतल्या आणखी एका रसायनाचा आहे. हे सगळं लागतंय कारण जुनी औषधं सगळ्यांना पुरत नाहीत. अमेरिकेतल्या स्टार-डी नावाच्या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण तिघांतला एकच पूर्ण बरा झाला. हा आकडा लपवू नका, पण दुसरं-तिसरं औषध बदलून आणखी बरेच जण बरे झाले हेही त्याच्या शेजारीच छापा ना.

आणि एक कळकळीची विनंती, अशा बातमीखाली दोन ओळी टाकत जा की गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. खूप दिवस घेतलेलं औषध एकदम सोडलं तर गरगरतं, झोप उडते, डोक्यात करंट लागल्यासारखं होतं, आणि माणूस समजतो आजारच परत आला.

बहिणीने डॉक्टरांशी बोलून परत सुरू केल्यात. या वेळी स्ट्रिपवर तारखा मी लिहिल्यात, आज सोळावा दिवस आहे, अजून तिला काही खास फरक वाटत नाहीये आणि आम्ही थांबलोय.

आपली,
एक नियमित वाचक