२,५०० किलो ओढण्याचा दावा आणि न मिळणारे तीन आकडे : एका ग्राहकाचे तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा व उत्पादन सुरक्षा विभाग

विषय : डबल कॅब पिकअपला कॅराव्हॅन ट्रेलर (राहण्याची सोय असलेला, गाडीमागे ओढायचा ट्रेलर) जोडण्याविषयी दिलेली अपुरी व धोकादायक माहिती, तसेच तक्रार न सोडवताच बंद केल्याबाबत.

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेल्या संभाषणानंतर दूरध्वनीवर आणखी काही विचारण्यात अर्थ उरलेला नाही. गाडी आपणच बनवली आहे, त्यामुळे तिची ओळख करून देत बसत नाही. मला तीन आकडे लेखी हवे आहेत : पिकअप आणि ट्रेलर मिळून चालणारे कमाल एकूण वजन, हूकवर उभे पेलता येणारे कमाल वजन आणि मागच्या एक्सलची, म्हणजे चाकांच्या आसाची, भार पेलण्याची मर्यादा. हे आकडे पुस्तिकेत नाहीत, दारावरच्या पट्टीवर नाहीत आणि आपल्या एकाही प्रतिनिधीजवळ नाहीत. जाहिरात पत्रकात मात्र 'ओढण्याची क्षमता २,५०० किलो' हा एकच आकडा हाताच्या पंजाएवढ्या ठशात छापलेला आहे.

त्या एका आकड्यावर विसंबून ग्राहकाने काय करावे, हे मांडतो. गाडीचे कमाल भारित वजन २,५१० किलो आणि रिकामे वजन १,९३० किलो, म्हणजे माणसे, सामान आणि हूकवरचा भार या सगळ्यांसाठी मिळून ५८० किलो उरतात. कॅराव्हॅनसारख्या, एका एक्सलपाशी तोललेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार दांडीवर, म्हणजेच हूकवर असावा, असा सर्वसाधारण नियम आहे; त्याहून कमी झाला की ट्रेलर रस्त्यावर झुलण्याचा धोका वाढतो. या हिशेबाने आपल्याच पत्रकातला २,५०० किलोचा ट्रेलर जोडला, तर हूकवर २५० ते ३७५ किलो येतात. वरची मर्यादा धरली तर गाडीत २०५ किलोंना जागा राहते, ज्यात चालक आणि फार तर दोन किरकोळ अंगाची माणसे बसतील, तीही पिशवी न घेता. पत्रकावरच्या चित्रात तळ्याकाठी कॅराव्हॅन ओढणाऱ्या पिकअपमध्ये एकटाच तरुण बसलेला आहे. तो चित्र देखणे दिसावे म्हणून एकटा असेल, असे मला आजवर वाटत होते.

माझा ट्रेलर २,५०० किलोंचा नाहीच. आमच्या भागातील जिनिंगच्या वजनकाट्यावर तो सामानासह १,९४० किलो भरला. घरची पाच माणसे, थोडे सामान आणि हूकचा सांगाडा धरून पिकअप २,३५५ किलो भरली. ट्रेलर जोडल्यावर दांडीचे २३० किलो तिच्यावर आले आणि ती २,५८५ किलोंवर गेली. म्हणजे पत्रकातील क्षमतेपेक्षा ५६० किलोंनी हलका ट्रेलर जोडूनही गाडी आपल्याच मर्यादेपेक्षा ७५ किलोंनी जड झाली. शिवाय हूक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तिथला भार तरफेसारखा काम करतो : मागच्या एक्सलवर प्रत्यक्ष भारापेक्षा अधिक ओझे येते आणि पुढची चाके, ज्यांनी गाडी वळायची आणि बरीचशी थांबायची, ती हलकी होतात. एक्सलची मर्यादा मी उगाच मागत नाही.

आता आपल्या अधिकृत विक्रेत्याने दिलेल्या सल्ल्याविषयी. ट्रेलर जोडल्यावर गाडी मागून बसते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर दिवे जातात, ही तक्रार घेऊन मी त्यांच्या कार्यशाळेत गेलो. तेथील सल्लागाराने ट्रेलरमधील बॅटरीची पेटी, जनरेटर आणि पाण्याचे कॅन मागच्या टोकाला सरकवण्यास सांगितले, आणि गाडी सरळ झाल्याचे अभिमानाने दाखवलेही. गाडी सरळ झाली, कारण दांडी हलकी झाली होती. धुळ्याकडे जाताना पारोळ्याच्या अलीकडे एक कंटेनर वेगाने शेजारून पुढे गेला. त्याने ढकललेल्या हवेने ट्रेलर आधी बाहेर लोटला गेला, मग आत ओढला गेला आणि त्यानंतर स्वतःच्याच लयीत डावीकडे-उजवीकडे झुलू लागला. प्रत्येक झोक्याबरोबर पिकअपचा मागचा भाग सरकत होता आणि स्टिअरिंग हाताला जुमानत नव्हते. मागच्या सीटवर माझी आई आणि दोन नातवंडे होती. नंतर त्याच मांडणीत काट्यावर वजन केले, तेव्हा दांडीवर केवळ १२० किलो निघाले. १,९४० किलोंच्या ट्रेलरला हे सहा टक्क्यांच्या आसपास होतात. अशी मांडणी करून देणारा माणूस आपल्या नावाचा सदरा घालून आपल्या फलकाखाली उभा होता, हे लक्षात घ्यावे.

झुलणाऱ्या ट्रेलरला आवरताना पिकअपचा ब्रेक जोरात दाबू नये, कारण मग मागचे ओझे पुढच्या गाडीला रेटते. पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि शक्य असल्यास केवळ ट्रेलरचे ब्रेक हाताने लावावेत. पहिल्या दोन गोष्टी मी केल्या. तिसरी करता आली नाही, कारण माझ्या ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असले तरी आपल्या 'टोइंग किट'मध्ये, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या संचामध्ये, त्यांना आज्ञा देणारी तारच नाही. सात पिनांच्या त्या सॉकेटमध्ये डावा-उजवा इंडिकेटर, मागचे दिवे, धुक्याचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि अर्थिंग एवढेच येते. म्हणजे मी पाय दाबला की ट्रेलरचा ब्रेकचा दिवा लागतो, ब्रेक लागत नाही. मागच्या चालकाला आम्ही थांबत आहोत असे प्रामाणिकपणे कळवले जाते, थांबण्याचे काम मात्र पिकअपच्या चार चाकांवर सोडलेले असते. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना, खालचा गिअर धरूनही, ४,२९५ किलोंचे हे सगळे ओझे त्या चार चाकांनी पेलले आणि पायथ्याशी जळका वास येऊ लागला. ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर बाहेरून बसवतो म्हटले, तर वायरिंगला हात लावल्यास वॉरंटी रद्द होईल, असे विक्रेता सांगतो. स्वतः बसवून देणार नाही आणि दुसऱ्याला बसवू देणार नाही, या धोरणाला आपल्या विभागात काय म्हणतात, ते कळवावे.

आजचे संभाषण आता शक्य तितके शब्दशः देतो, कारण आपल्याकडे त्याचे ध्वनिमुद्रण आहे, असे सुरुवातीलाच ऐकवण्यात आले होते. मी वरचे तीन आकडे विचारले. प्रतिनिधी म्हणाले, "सर, कमाल क्षमता २,५०० आहे. त्यापेक्षा जास्त काय हवं तुम्हाला?" मी म्हणालो, जास्त नको, नेमके हवे. त्यावर त्यांनी मला थांबवून ठेवले, आणि बराच वेळ मी आपल्याच जाहिरातीतील दणकट संगीत ऐकत बसलो. परत आल्यावर त्यांनी विचारले, "सर, गाडी ओढत नाही का?" मी म्हणालो, ओढते. "मग प्रॉब्लेम काय आहे?" मी दांडीचा भार, झुलणे, ब्रेक हे सारे पुन्हा सांगितले. त्यांनी विचारले, "सर, तुम्ही कुठून बोलताय?" मी यावल तालुका, जळगाव जिल्हा असे सांगितले. क्षणभर शांतता झाली आणि ते हसत म्हणाले, "मग सर, शेतीच असेल ना? ट्रॉली तर तुम्ही लोक रोजच ओढता. ही पण ट्रॉलीच समजा."

महोदय, शेतीच आहे, केळीची आहे आणि ट्रॉलीही आहे. म्हणूनच ट्रॉलीत माल पुढे जास्त पडला की ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि मागे जास्त पडला की दांडी वर येते, हे आमच्याकडे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. ते ठाऊक नसलेला माणूस आपल्या कार्यशाळेत नोकरीला आहे. ट्रॅक्टर संथ चालतो, त्याची मागची चाके माणसाच्या खांद्याला लागतात. माझी पिकअप महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने कुटुंब घेऊन जाते. वेग चौपट झाला की थांबवायची ऊर्जा सोळापट होते. 'तुम्ही लोक' या दोन शब्दांत प्रतिनिधींनी जे म्हटले, त्याचे उत्तर मी तेथे दिले नाही. संभाषण संपताच मोबाइलवर संदेश आला की माझी तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली असून मी सेवेला पाचपैकी गुण द्यावेत. देण्यासारखा गुण त्या यादीत नव्हता.

तीन आकडे मी पुन्हा मागतो, कारण ते अजूनही मिळालेले नाहीत. आमच्या घरात याआधीही आपल्याच कंपनीच्या गाड्या होत्या, आणि शेजाऱ्यांनी विचारले की मी आपलेच नाव सांगत असे. तोरणमाळच्या घाटात नातवंडांना घेऊन हा ट्रेलर न्यायचा की नाही, हे ठरवण्याइतकी माहितीही ज्या कंपनीकडून मिळत नाही, तिचे नाव यापुढे कोणाला सांगणार नाही.

हे पत्र पोचल्यापासून १५ दिवसांत तीनही आकडे स्वाक्षरीसह लेखी द्यावेत, ट्रेलर ब्रेकची तार व कंट्रोलर वॉरंटीला धक्का न लावता कंपनीच्या खर्चाने बसवावा, आणि सामान मागे सरकवण्याचा सल्ला विक्रेत्यांनी कोणालाही देऊ नये, असे परिपत्रक काढून त्याची प्रत मला पाठवावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी दाद मागेन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे आपल्या विधी विभागाला माहीत असेलच. त्याच अधिनियमाच्या कलम ८४ मध्ये योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणाऱ्या उत्पादकाचे दायित्व सांगितले आहे. ते इजा किंवा नुकसान झाल्यावर लागू होते, आणि तोपर्यंत थांबण्याची माझी इच्छा नाही. 'क्षमता २,५०० किलो' ही जाहिरात दिशाभूल करणारी असल्याची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे स्वतंत्रपणे जाईल.

वजनकाट्याच्या पावत्या, पत्रकाची प्रत आणि दारावरच्या पट्टीचे छायाचित्र सोबत जोडले आहे. उत्तर लेखीच द्यावे. दूरध्वनी करू नये.

आपला,
एक ग्राहक
यावल तालुका, जि. जळगाव