वसाहती होत्या, आजही आहेत

प्रति,
माननीय संपादक

महोदय,

अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. इराण, व्हिएतनाम, चिली आणि इराकचा त्यातला आढावा अभ्यासपूर्ण आहे. मात्र अमेरिकेने युरोपीय देशांसारख्या वसाहती कधी केल्याच नाहीत आणि तिचे परदेशातले हस्तक्षेप दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाले, असे जे त्यात गृहीत धरले आहे ते चुकीचे आहे. आयुष्यभर इतिहास शिकवला. हा समज विद्यार्थ्यांच्या मनात किती घट्ट बसलेला असतो हे मी जाणते, म्हणून हे पत्र.

हवाईचेच पाहा. एकोणिसाव्या शतकात ते स्वतंत्र राज्य होते. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सची त्याला मान्यता होती. उसाचे मळे मात्र मुख्यतः अमेरिकी वंशाच्या घराण्यांकडे होते. १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर जकातीविना अमेरिकेत जाऊ लागली आणि मळे फोफावले. १८८७ मध्ये या कराराची मुदत वाढवून देताना अमेरिकेने पर्ल हार्बर वापरण्याचा हक्क एकट्यासाठी पदरात पाडून घेतला. पुढे १८९० मध्ये वॉशिंग्टनने परदेशी कच्च्या साखरेवरची जकातच उठवली आणि आपल्या देशातल्या उत्पादकांना पौंडामागे दोन सेंट अनुदान जाहीर केले. हवाईच्या साखरेची सवलत एका कायद्याने संपली. हवाई अमेरिकेत विलीन झाले तर अनुदान आपल्यालाही मिळेल, असा हिशेब अनेक मळेवाल्यांनी मांडला. साखरेचे धोरण एका ओळीने बदलले की काय उलथापालथ होते, हे आपल्या ऊसपट्ट्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

राणी लिलिउओकलानी मूळ रहिवाशांचा हिरावलेला मताधिकार परत देणारी राज्यघटना आणू पाहत होत्या. जानेवारी १८९३ मध्ये होनोलुलूतल्या काही व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी त्यांना पदच्युत केले. त्या वेळी 'बॉस्टन' या अमेरिकी युद्धनौकेवरून दीडशेहून अधिक सशस्त्र सैनिक शहरात उतरले होते. राणींनी रक्तपात टाळला. पण आपण अमेरिकेच्या बळापुढे सत्ता सोडत आहोत, असे लेखी नोंदवून ठेवले.

पुढे १८९७ मध्ये विलीनीकरणाचा तह अमेरिकी सिनेटपुढे आला, तेव्हा हवाईच्या लोकांनी बेटाबेटांवर फिरून विरोधाच्या सह्या गोळा केल्या. स्त्रियांचे कागद वेगळे, पुरुषांचे वेगळे. प्रत्येक नावापुढे वय. मूळ हवाईयन लोकसंख्या जेमतेम चाळीस हजारांच्या आसपास असताना एकवीस हजारांवर सह्या जमल्या. पाचशेहून अधिक पानांचा तो अर्ज आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तहासाठी लागणारे दोन-तृतीयांश बहुमत सिनेटमध्ये जमेना. मग जुलै १८९८ मध्ये, स्पेनशी युद्ध ऐन भरात असताना, साध्या बहुमताच्या ठरावाने हवाई घेतले गेले. सर्वांत जास्त चीड मला याच गोष्टीची येते. लोकांनी नाही म्हटले, ते वॉशिंग्टनपर्यंत पोहोचले, आणि तरीही पळवाट शोधली गेली.

यामागची भूक लपलेली नव्हती. १८९३ च्या मंदीत अमेरिकेत कारखाने बंद पडले, बेकारी वाढली. देशाला खपवता येणार नाही इतका माल आपण काढतो, तेव्हा जगाचा व्यापार आपलाच व्हायला हवा, असे पुढे सिनेटर झालेले अल्बर्ट बेव्हरिज जाहीर भाषणात सांगत होते. चीनच्या बाजारावर डोळा होता. तिथवर जाणाऱ्या जहाजांना वाटेत कोळसा भरायला बंदरे हवी होती. वंशश्रेष्ठत्वाचा अहंकार तर होताच.

फिलिपिन्समध्ये याची किंमत भयंकर होती. ती स्पेनची वसाहत होती. १२ जून १८९८ रोजी तिथले क्रांतिकारक नेते अगिनाल्दो यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. डिसेंबरात पॅरिसच्या तहात स्पेनने तोच देश दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेला दिला. फिलिपिनो प्रतिनिधीला त्या वाटाघाटींत जागा नव्हती. क्यूबात स्पेनने खेडुतांना छावण्यांत कोंडले म्हणून अमेरिकी वृत्तपत्रांनी रान उठवले होते. १९०१ च्या अखेरीस बतांगास प्रांतात अमेरिकी सेनेने स्वतःच तशा छावण्या उभारल्या. लढाई, दुष्काळ आणि पटकी मिळून दोन लाखांपर्यंत नागरिक मेल्याचा अंदाज आहे. अमेरिकेतही याविरुद्ध आवाज उठला, साम्राज्यवादविरोधी लीग स्थापन झाली. त्या माणसांचे धैर्य मान्य करायलाच हवे. पण फिलिपिन्स स्वतंत्र व्हायला १९४६ उजाडले.

आणि हे सगळे केवळ जुने नाही. १८९८ मध्येच घेतलेल्या पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देता येत नाही. क्यूबातला ग्वांतानामोचा तळ १९०३ च्या भाडेकरारावर चालू आहे. क्यूबा सरकार वर्षाचे ४,०८५ डॉलरचे धनादेश वटवत नाही. हवाईबद्दल अमेरिकी काँग्रेसने १९९३ मध्ये माफी मागितली. राज्याची सुमारे १८ लाख एकर जमीन संमतीविना, मोबदल्याविना गेल्याचे त्या ठरावात कबूल केले आहे, आणि या ठरावाने कोणताही दावा निकाली निघत नाही, अशी पुस्ती शेवटी जोडली आहे. हवाईतल्या पोहाकुलोआ या लष्करी सरावक्षेत्राची सुमारे २३ हजार एकर जमीन अमेरिकी लष्कराला १९६४ मध्ये ६५ वर्षांसाठी दिली गेली. सगळ्या मुदतीचे भाडे एक डॉलर. तो करार २०२९ मध्ये संपतो आहे आणि पुढे काय, यावर हवाईत वाद सुरू आहे.

त्या वादावर आणि १८९८ वर आपल्या पुरवणीत स्वतंत्र लेख यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सांगली