गाड्या लावायच्या कुठे, म्हणतोस

चि. सौरभ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘आई, या वयात झाडांना मिठ्या मारत बसणार का? आणि गाड्या लावायच्या कुठे, तेही सांगा तुम्ही लोक.’ खाली तो दात काढणारा चेहरा. फोनवरच उत्तर दिलं असतं, पण फोनवर तू ‘हो, हो’ म्हणतोस आणि मागे कीबोर्ड वाजत असतो. म्हणून सविस्तर लिहितेय. जेवताना वाच.

मिठ्या कोणी मारत नाहीये. आपल्या नागपुरातल्या बागेच्या मागचं रान तोडून तिथे पार्किंग करायचं चाललंय, त्याला हरकत घ्यायची म्हणून नलूमावशीची शिवणाची टेप घेऊन आम्ही बायका बुंध्यांचे घेर मोजतोय. जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप धरायची, घेर लिहायचा, फोटो काढायचा. कारण असं की राज्याचा झाडांचा कायदा १९७५ चा असला तरी २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज झाड. ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. म्हणजे सगळा खेळ वयाचा. आणि तोडायच्या झाडांच्या यादीत वयं कशी लिहिलीत पाहशील तर हसशील. ओढ्याकाठचा तो थोरला बेहडा, ज्याच्या मुळांवर बसून तू डबा खायचास, तो म्हणे ‘अंदाजे ३५ वर्षे’. अरे, तू स्वतः ३४ चा आहेस! त्याला टेप पुरली नाही, म्हणून दोघींनी हात पसरून मोजला. तेव्हा एका झाडाला मिठी मारली, तेवढं तुझं खरं धर.

आता मुद्द्याचं. बागेचा पुढचा भाग, जिथे कारंजं आणि घसरगुंड्या आहेत, तिथे पार्किंग केलं असतं तर मी घराबाहेर पडले नसते. तो भाग माणसांनी लावलेला आहे, पुन्हा लावता येईल. प्रकल्पवाल्यांनी आखलंय ते मागचं रान. साग, मोह, बेहडा, सालई, तेंदू, बिजा. ते कोणी लावलं नाही. शहर वाढत वाढत त्याच्या अंगावर आलं आणि कसंबसं कुंपणाशी थांबलं.

वनखात्यातून निवृत्त झालेले एक काका आमच्याबरोबर येतात. त्यांनी गुडघ्याएवढं तेंदूचं रोप दाखवलं आणि विचारलं, किती वर्षांचं असेल? मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, कोण जाणे, पंधराचंही असेल. आपल्याकडच्या कोरड्या रानात तेंदू, बिजा यांची रोपं दर उन्हाळ्यात वरून वाळतात, पावसाळ्यात परत फुटतात. वर्षानुवर्षं हेच. तेवढ्या काळात खाली मूळ जाड होत राहतं, आणि अंगात पुरेसा जोर आला की मगच खोड धरतं. यादीत या रोपांना कोण मोजतंय? यादीत ती गवत आहेत.

आणि राखी धनेश. तुला आठवत असेल, चिमट्यासारख्या चोचीचा, आपल्या गच्चीवरून उडत जाताना चिरक्या आवाजात ओरडतो. त्याची मादी उन्हाळ्यात झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेनं, चिखलानं ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. नर त्या फटीतून वडाची, पिंपळाची, उंबराची फळं भरवत राहतो. तिला ढोली स्वतः कोरता येत नाही, आयती लागते. तशी ढोली कोवळ्या झाडाला कुठून येणार? फांदी मोडावी लागते, आतलं लाकूड कुजावं लागतं, त्यात दशकं जातात. नर्सरीतून आणलेली ७० रोपं एका ७० वर्षांच्या झाडाचा हिशोब पुरा करतात असं कागद म्हणतो. मी उभा जन्म बँकेत काढला. ७० हजारांची जुनी ठेव मोडली आणि तिच्या बदल्यात रुपया-रुपयाची ७० खाती उघडली, तर कोणता ऑडिटर ताळेबंदावर सही करेल?

प्रकल्पाचे जे साहेब आम्हाला भेटले ते मात्र सभ्य होते. म्हणाले, ताई, सगळी झाडं तोडणारच नाही, मधल्या मोकळ्या जागेत फक्त गट्टू बसवू. गट्टू म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे. हे मला तोडण्याहून वाईट वाटतं. झाडाची अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोनेक फुटांतच असतात, आणि सावली जिथे संपते त्याच्याही पलीकडे गेलेली असतात. तिथे रोलर फिरला, वर गट्टू आले, की पाणीही गेलं आणि हवाही. झाड लगेच मरत नाही. चार-सहा वर्षं शेंड्याकडून वाळत येतं. मग ‘धोकादायक झाड’ म्हणून परवानगी मागायची, आणि ती मिळते. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाकायला सांगितलं होतं, ते उगाच नाही.

तुझा प्रश्न मी टाळत नाहीये. गाड्या कुठे लावायच्या? हा प्रश्न रविवारी सकाळी सहा ते नऊ एवढ्यापुरता आहे. बाकी आठवडाभर त्या गेटसमोर कुत्री झोपलेली असतात. रविवारी लोक तीन किलोमीटर चालायला दोन किलोमीटर गाडीनं येतात, चालून झालं की तर्री पोहे खातात, आणि जेवढी कॅलरी जाळली त्याच्या दुप्पट घेऊन घरी जातात. (तुझे बाबाही त्यातलेच होते, म्हणून मी फार बोलत नाही.) पोहेवाल्याला मी मुद्दाम विचारलं. म्हटलं त्याचा धंदा आहे, तो पार्किंगच्या बाजूनं असेल. तो म्हणाला, ‘मावशी, गाड्या वाढन त गिऱ्हाईक वाढन, हे खरं हाय. पण झाडं गेले त मे महिन्यात माया ठेल्यापाशी उभं कोन राहीन?’ २३ मे २०१३ ला आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता. त्या माणसाला आकडा ठाऊक नसेल, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, ठाऊक आहेत.

हिशोब तूच मला शिकवलास. उघड्या पार्किंगमध्ये एका कारला येण्याजाण्याच्या जागेसकट २३ चौरस मीटर धरतात, असं तुमच्या कागदांत असतं ना? म्हणजे १०० गाड्यांना २,३०० चौरस मीटर, अर्ध्या एकराहून जास्त. ज्या झाडाचा पसारा २० मीटर, त्याच्या सावलीच्या जागेत तेरा गाड्या बसतात. तेरा गाड्या, त्याही आठवड्यातून एकदा, तीन तास. आणि जागा केली की जागेपुरत्याच गाड्या येतात असं थोडंच आहे. आज जे चालत किंवा स्कूटीवर येतात तेही कार काढतील. हेही तूच सांगितलं होतंस, पुण्यातल्या कुठल्याशा उड्डाणपुलाबद्दल.

माझं म्हणणं एवढंच की रविवारी सकाळी आजूबाजूची दोन कार्यालयं आणि एक कॉलेज कुलूप लावून रिकामं पडलेलं असतं, डांबर घातलेलं आयतं मैदान. ते तीन तास उघडा, पैसे घ्या. गेटशी चार-पाच जागा म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी राखा. आमच्या गटातले एक गृहस्थ पार्किंगच्या बाजूनं आहेत, त्यांचे दोन्ही गुडघे बदललेत. बायका त्यांच्यावर चिडतात, मला त्यांचं पटतं. पण त्यांना एक जागा हवी आहे, शंभर नकोत.

तू म्हणशील, हरकती घेऊन काय होतं. कधी कधी काहीच होत नाही. मुंबईत आरेला मेट्रोचं कारशेड होतं, म्हणजे तीही गाड्या उभ्या करायचीच जागा. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती लागल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टानं ७ तारखेला तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं गेली होती. म्हणूनच आम्ही आत्ता, यादीच्या टप्प्यावर भांडतोय. आपल्याच शहरात अजनीला रेल्वे कॉलनीतल्या झाडांसाठी किती पोट्टे-पोट्टी रस्त्यावर आले होते ते तू पाहिलं नाहीस, तेव्हा तू बंगलोरला होतास. कॉलेजची मुलं झाडांची नावं पाठ करून यायची. मी तेव्हा नुसती बघत उभी होते, आता माझ्या घराशी आलं म्हणून उतरले. माणूस असाच असतो.

कायद्यानं नोटीस पेपरात द्यावी लागते आणि झाडावरही लावावी लागते. आम्हाला रानात एकच सापडली, तीही कुंपणाकडच्या बाजूला तोंड करून. हरकतीला सात दिवस. झाडांची मापं आणि फोटो आमचे तयार आहेत, वनखात्यातले काका जातींची नावं तपासताहेत.

अडलंय ते दुसरीकडे. प्रकल्पाचा नकाशा मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. त्यात गाड्या आत शिरायचा रस्ता आणि ओढा यांच्यातलं अंतर मला जुळत नाही, आणि पावसाचं पाणी कुठे जाणार ते कुठेच दाखवलेलं नाही. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा नलूमावशीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, त्यामुळे ती या मुद्द्यावर हटणार नाही. तू रोज असेच नकाशे बघतोस. दोन पानं लिहून दे: पाणी, उतार, आणि रविवारचं पार्किंग त्या रिकाम्या आवारांत कसं बसेल. ऑफिसचं लेटरहेड नको, तुझं नावही नको, नोकरी सांभाळ.

शुक्रवारपर्यंत पाठव. आणि मराठीत लिही, सुनावणीत ते मला मोठ्यानं वाचायचं आहे.

तुझी,
आई