मुलांच्या टूडी इकोच्या अहवालात एवढं तरी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नंदुरबार, धुळे, जळगावच्या शिबिरांत लहान मुलांचे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतात, ही मोठी सोय झाली. पण फाईलमधल्या कागदावर पुष्कळदा एवढंच असतं: ‘छिद्र मोठं, पीएएच सिव्हिअर’, म्हणजे हृदयाच्या पडद्यात मोठं छिद्र आणि फुप्फुसाच्या धमनीत फार जास्त दाब. हा दाब किती, तो कशावरून काढला, मूल तेव्हा शांत होतं का, याचा पत्ता नाही. मग नाशिक-मुंबईला सगळं पहिल्यापासून, आणि धडगाव-अक्कलकुव्याहून आलेल्या आईबापांची मजुरी बुडते ती वेगळीच.

इको हा दाब थेट मोजत नाही. ट्रायकस्पिड झडपेतून (हृदयाच्या उजव्या दोन कप्प्यांमधल्या) मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग मोजून हिशेब करतो: वेगाचा वर्ग गुणिले चार, अधिक उजव्या वरच्या कप्प्यातला अंदाजे 5 मिमी (पाऱ्याचे) दाब. वेग सेकंदाला 4 मीटर असेल तर 64 अधिक 5, म्हणजे 69. प्रोब (यंत्राचं छातीवर टेकवायचं टोक) धारेला 30 अंशांनी तिरका पडला तर तोच वेग 3.5 च्या आसपास दिसतो आणि दाब 54 वर येतो. म्हणून छातीवरच्या तीन-चार जागांवरून मोजून, कड स्पष्ट असलेला सर्वांत जास्त वेग धरावा. शिवाय हा आकडा उजव्या खालच्या कप्प्याचा आहे. फुप्फुसाकडची झडप अरुंद असेल तर पुढे धमनीत दाब कमीच असतो.

गळती दिसली नाही म्हणून ‘दाब नॉर्मल’ लिहिणं तर साफ चूक. तेव्हा आडव्या छेदात दोन्ही खालच्या कप्प्यांमधला पडदा पाहावा. निरोगी बाळात डावा कप्पा गोल दिसतो. उजवीकडचा दाब वाढला की आकुंचनाच्या शेवटी पडदा सपाट होतो, फारच वाढला तर डावीकडे झुकतो. छिद्रातली धारही बोलते: रक्तदाब 90 आणि धारेचा वेग 2 मीटर असेल तर फरक फक्त 16, म्हणजे उजवीकडे 74! यासाठी दंडावरचा रक्तदाब इकोच्या वेळीच, मुलाच्या मापाच्या पट्ट्याने घ्यायला हवा.

सर्वांत घातक गैरसमज वेगळाच आहे. मोठं छिद्र असलेल्या बाळाचा न्यूमोनिया थांबला, वजन वाढू लागलं, छातीतला आवाज मंदावला, की घरचे म्हणतात छिद्र बुजलं. कधी ते खरंही असतं. पण फुप्फुसाच्या वाहिन्या जाड होऊन तिकडचा प्रवाह घटला, तरी चित्र असंच दिसतं, आणि ऑपरेशनची वेळ निघून जाते. अशा वेळी इको लांबणीवर टाकू नये. डाउन सिंड्रोमच्या बाळांत हे लवकर होतं. त्यांचा इको पहिल्या महिन्यातच व्हावा. उलट, जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दाब मुळातच जास्त असतो. तो पुढच्या आठवड्यांत उतरतो, तेव्हा फेरतपासणी हवीच.

सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यात हिमोग्लोबिन घटतं. हिमोग्लोबिन 6-7 असलं की रक्ताचा प्रवाहच वाढतो, त्यामुळे गळतीचा वेग थोडा जास्त दिसला म्हणजे फुप्फुसाच्या वाहिन्या आवळल्या असं नव्हे. अहवालावर हिमोग्लोबिन हवंच.

रडणाऱ्या मुलाचा फुप्फुसातला दाब वाढलेलाच येतो. दूध पाजून, आईच्या मांडीवर तपासावं. झोपेचं औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि दाब पुन्हा चढतो. तेव्हा बोटाला ऑक्सिमीटर हवा. मोठ्यांचा प्रोब तान्ह्या बाळाला चालत नाही.

आमची मागणी साधी आहे. शिबिरात छापील तक्ता ठेवा: वजन, रक्तदाब, उजव्या हाताचं व पायाचं ऑक्सिजन, हिमोग्लोबिन, मूल शांत की रडतं, गळतीचा वेग, पडद्याचा आकार. थर्मल कागदाची छपाई उडून जाते, हलती चित्रं पेनड्राइव्हवर द्या. इको हा अंदाजच. पक्कं निदान कॅथेटरने, म्हणजे हृदयात बारीक नळी घालून होतं, फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब 20 च्या वर आला की. त्याआधी सिल्डेनाफिल (फुप्फुसाच्या वाहिन्या सैल करणारं औषध) सुरू करायची वेळ आलीच, तर फुप्फुसाकडून येणाऱ्या चारही शिरा मोकळ्या दिसल्या का, ते अहवालात लिहा. तिथे अडथळा असेल तर या औषधाने फुप्फुसात पाणी भरू शकतं.

– बालहृदयविकार क्षेत्रात काम करणारे वाचक, जळगाव