पेढ्यांआधी जन्मनोंदणीचा फॉर्म

महोदय,

पेढे वाटायच्या गडबडीत जन्मनोंदणीचा फॉर्म बाप उभ्या उभ्या भरून देतो आणि घोळ तिथेच होतो. आईचे नाव केसपेपरवर माहेरचे, आधारवर सासरचे. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ जास्त. दाखल्यावर तेच छापून येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा हाच दाखला, त्यामुळे ही चूक पुढे फार छळते. दोघांची आधार कार्डे समोर ठेवून एकेक अक्षर जुळवावे आणि भरलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढावा.

रुग्णालयातला जन्म महापालिकेला कळवणे हे रुग्णालयाचेच काम. मुदत २१ दिवस. नोंद होते ती रुग्णालय मुंबई महापालिकेच्या ज्या वॉर्डात येते, त्या वॉर्डाच्या कार्यालयात. घर मुलुंडला आणि प्रसूती परळला असेल, तर दुरुस्तीसाठी मुलुंडच्या टी वॉर्डात खेटे घालू नयेत, परळचा एफ दक्षिण वॉर्ड गाठावा.

बारशासाठी नोंद अडवण्याचेही कारण नाही (आत्याबाईंचे नाव ठरायला महिना लागला तरी हरकत नाही!). नावाची जागा कोरी ठेवता येते. वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

– एक निवृत्त परिचारिका, परळ